हरत्या संघाची माणसं

२२ फेब्रुवारी २०२०. टोरांटोमध्ये आइस हॉकीचा सामना चालू होता. घरचा संघ टोरांटो मेपल लीफ्स, पाहुणा संघ कॅरोलायना हरिकेन्स. पाहुण्यांचा पहिला गोलकीपर जखमी होऊन बाहेर गेला आणि थोड्या वेळाने दुसराही. तिसरा गोलकीपर तेव्हा संघासोबत नसायचाच. अशा प्रसंगासाठी स्टेडियममध्ये एक हौशी गोलकीपर बसवून ठेवायचा आणि ज्या संघावर वेळ येईल त्याने त्याला उतरवायचं, असा या स्पर्धेचा तेव्हाचा रिवाज. त्या रात्री तिथे डेव्हिड एअर्स नावाचे ४२ वर्षांचे गृहस्थ बसले होते. मूत्रपिंडाचं प्रत्यारोपण झालेले, बर्फ गुळगुळीत करणारं झांबोनी यंत्र चालवलेले, आणि नोकरीला कुठे, तर लीफ्स पूर्वी जिथे खेळत त्याच जुन्या इमारतीत! लीफ्सच्या सरावातही ते अधूनमधून गोलात उभे राहायचे. म्हणजे माणूस तसा घरचाच.

टोरांटोचे पहिले दोन फटके त्यांना चकवून गोलात गेले. पुढचे आठ त्यांनी अडवले. कॅरोलायनाने सामना ६-३ असा जिंकला आणि कोट्यवधी डॉलर पगार घेणारे लीफ्सचे खेळाडू आपल्याच ओळखीच्या, हौशी माणसाकडून हरले. एअर्सची हॉकी स्टिक पुढे हॉकीच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये गेली. हे संग्रहालयही टोरांटोतच आहे. लीफ्सच्या चाहत्यांना या गोष्टीचा राग आला, हसूही आलं, पण आश्चर्य मात्र फारसं वाटलं नाही. आपल्या संघाबाबत काहीही घडू शकतं याची त्यांना पिढ्यानपिढ्यांची सवय आहे.

मराठी वाचकाला हॉकी म्हटलं की गवत किंवा टर्फ आणि ध्यानचंद आठवणार. ही हॉकी वेगळी. बर्फाच्या रिंकवर पायात स्केट घालून खेळायची, चेंडूऐवजी कडक रबराची चपटी चकती, तिला ‘पक’ म्हणतात. उत्तर अमेरिकेतल्या नॅशनल हॉकी लीगमध्ये, म्हणजे एनएचएलमध्ये, आज ३२ संघ आहेत. ऑक्टोबर ते एप्रिल प्रत्येकाने ऐंशीहून अधिक सामने खेळायचे, त्यातून १६ संघ प्लेऑफमध्ये जायचे. तिथे प्रत्येक फेरीत सातपैकी चार सामने जिंकायचे आणि अशा चार फेऱ्या पार केल्या की स्टॅन्ली कप. दर वर्षी एकाच गावात मिरवणूक निघते, उरलेल्या ३१ ठिकाणी काही ना काही दुःख असतं. त्यामुळे ‘हरणाऱ्या संघाचा चाहता’ हा अपवाद नव्हे, नियमच. लीफ्सचं वेगळेपण एवढंच, की त्यांनी हा नियम फारच मनावर घेतला.

एके काळी मात्र ही मंडळी राजे होती. मेपल लीफ्सच्या नावावर १३ स्टॅन्ली कप आहेत. त्यांच्यापेक्षा जास्त फक्त मॉन्ट्रियल कॅनेडियन्सचे. तेरावा कप त्यांनी २ मे १९६७ रोजी याच मॉन्ट्रियलला हरवून जिंकला. कॅनडाच्या स्थापनेचं ते शताब्दी वर्ष होतं. तो संघ म्हाताऱ्यांचा म्हणून ओळखला जायचा. गोलकीपर जॉनी बॉवर चाळिशी ओलांडलेला, कर्णधार जॉर्ज आर्मस्ट्राँग छत्तिशीतला. तेव्हा लीगमध्ये अवघे सहा संघ होते, म्हणजे सहा-सात वर्षांतून एकदा कप आपोआप यावा असं गणित. त्या वसंतात रस्त्यावर नाचलेल्या टोरांटोकरांना पुढची मिरवणूक दोन-तीन वर्षांत दिसेल असंच वाटलं असणार. २०२५ सालीही ते वाट पाहतच होते. त्या सामन्यानंतर जन्मलेली मुलं आता आजी-आजोबा झाली आहेत.

इतकी वर्षं संघ निव्वळ दुर्दैवाने हरत नाही. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला संघाची मालकी हॅरल्ड बॅलर्ड यांच्या हाती एकवटली आणि १९९० साली त्यांचं निधन होईपर्यंत तिथेच राहिली. १९७२ मध्येच ते अफरातफर आणि फसवणुकीच्या गुन्ह्यांत दोषी ठरले, तुरुंगात गेले आणि परत येऊन पुन्हा मालकाच्या खुर्चीत बसले. खर्चाला हात आखडता, स्वभाव मात्र उधळा. १९७९ मध्ये त्यांनी प्रशिक्षक रॉजर नीलसन यांना काढून टाकलं, दुसरा कुणी मिळेना म्हणून परत बोलावलं आणि प्रेक्षकांना चकित करण्यासाठी डोक्यावर कागदी पिशवी घालून बाकावर या, अशी गळ घातली. नीलसननी नकार दिला. त्याच वर्षाच्या अखेरीस कर्णधार डॅरिल सिटलरचा जिवलग मित्र लॅनी मॅक्डॉनल्ड याला दुसऱ्या संघाला देऊन टाकण्यात आलं. संतापलेल्या सिटलरने आपल्या जर्सीवरचं कर्णधारपदाचं ‘सी’ अक्षर उचकटून काढलं. एकाच सामन्यात (गोल आणि गोलसाठीचे पास धरून) दहा गुण मिळवण्याचा, आजही कुणी न मोडलेला विक्रम याच सिटलरच्या नावावर आहे. असे खेळाडू असताना संघ उभा करता येत नसेल, तर दोष बर्फाचा नव्हे.

१९७९-८० ते १९९१-९२ या तेरा हंगामांत लीफ्सनी जिंकलेले सामने हरलेल्या सामन्यांपेक्षा एकदाही जास्त नव्हते. १९८७-८८ मध्ये तर ८० पैकी २१ सामने जिंकूनही ते प्लेऑफमध्ये पोहोचले, कारण त्यांच्या गटातल्या पाचपैकी चार संघांना तिथे प्रवेश होता आणि एक संघ त्यांच्याहूनही वाईट होता. या सगळ्या काळात घरच्या सामन्यांची तिकिटं मात्र खपत होती. मला विचाराल तर टोरांटोच्या गोष्टीतलं खरं नवल हे आहे. संघ हरत होता यापेक्षा, हरणं मालकाला परवडत होतं.

सतत हरणाऱ्यापेक्षा जिंकता जिंकता हरणारा संघ जास्त छळतो. १९९३ मध्ये लीफ्स अंतिम फेरीपासून एका विजयावर होते. लॉस एंजेलिसविरुद्धच्या सहाव्या सामन्यात जादा वेळेत वेन ग्रेट्स्कीची स्टिक लीफ्सच्या डग गिल्मरच्या हनुवटीला लागली, रक्त आलं, पण पंच केरी फ्रेझर यांनी शिक्षा दिली नाही. बाहेर बसायला हवा होता तो ग्रेट्स्की बर्फावरच राहिला आणि काही क्षणांत त्यानेच विजयी गोल केला. सातव्या सामन्यात, टोरांटोत येऊन, त्याने तीन गोल ठोकले. आजही टोरांटोत या फ्रेझरसाहेबांचं नाव घेऊन बघा.

१३ मे २०१३ रोजी बॉस्टनमध्ये सातव्या सामन्याच्या शेवटच्या सत्रात लीफ्स ४-१ असे पुढे होते. बॉस्टनने ४-२ केलं, मग ४-३, आणि ५१ सेकंद उरले असताना ४-४. जादा वेळेत पाचवा गोल. शेवटचे दोन्ही गोल पॅट्रिस बर्जेरॉनचे. पुढे २०१८, २०१९, २०२१, २०२२, २०२४ आणि २०२५ मध्येही निर्णायक सातवा सामना, आणि ये रे माझ्या मागल्या. २००४ नंतर २०२५पर्यंत एकही सातवा सामना त्यांना जिंकता आला नाही. याच काळात, २०१७ साली जन्मलेल्या व्हेगस गोल्डन नाइट्स या संघाने वाळवंटात बर्फ गोठवून सहाव्या वर्षी कप जिंकलासुद्धा.

मग माणसं संघ का बदलत नाहीत? मानसशास्त्रज्ञांनी या प्रश्नाची उलटी बाजू आधी तपासली. १९७६ मध्ये रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या सात विद्यापीठांत केलेली एक साधी पाहणी प्रसिद्ध केली. शनिवारी विद्यापीठाचा फुटबॉल संघ जिंकला की सोमवारी वर्गात किती विद्यार्थी विद्यापीठाचं नाव असलेले कपडे घालून येतात हे मोजायचं. विजयानंतर ते जास्त येत. फोनवर विचारलं तर जिंकलेल्या सामन्याबद्दल विद्यार्थी ‘आम्ही जिंकलो’ म्हणत, हरलेल्याबद्दल ‘ते हरले’ म्हणण्याकडे कल. दुसऱ्याच्या तेजात आपण न्हाऊन घ्यायचं, अशा अर्थाचं नाव चाल्डिनींनी या वागण्याला दिलं. दहा वर्षांनी दुसऱ्या संशोधकांनी त्याचीच दुसरी बाजू मांडली: अपयशाची सावली पडू लागली की माणूस हळूच बाजूला सरकतो. उगवत्या सूर्याला नमस्कार करणाऱ्यांचं हे शास्त्र झालं.

पण हे सगळ्यांना लागू पडत नाही. १९९० मध्ये डॅनियल वॅन आणि नायला ब्रॅन्सकोम यांनी बास्केटबॉलच्या चाहत्यांचा अभ्यास केला तेव्हा दिसलं, की ज्यांची ओळखच संघाशी घट्ट बांधलेली आहे ते पराभवानंतर अंतर ठेवत नाहीत. त्यांना ठेवताच येत नाही. ‘ते हरले’ म्हणण्याची सोय फक्त अर्ध्या मनाच्या चाहत्याला असते. पक्क्या चाहत्याच्या दृष्टीने संघ त्याच्या बाहेर उभाच नसतो. मग हरलेल्या संघाला सोडणं म्हणजे स्वतःचाच एक तुकडा नाकारणं.

ही ओळख कुठून येते? बहुतेकांनी संघ निवडलेलाच नसतो, तो घरात असतो. टोरांटोतल्या मुलाला शनिवारची संध्याकाळ, दूरचित्रवाणीवरचा ‘हॉकी नाइट इन कॅनडा’ हा कार्यक्रम आणि बाबांचं ओरडणं हे सगळं एकत्रच मिळतं. बाहेरून आलेल्यांकडे प्रवास उलटा होतो. टोरांटोशेजारच्या मिसिसॉगा किंवा ब्रॅम्प्टनला स्थायिक झालेल्या मराठी, पंजाबी, तमिळ घरांत लीफ्स मुलांच्या दप्तरातून येतात आणि मग आईवडलांना चिकटतात. २००८ पासून कॅनडात हॉकीचं समालोचन पंजाबीतही होतं आणि ते चांगलंच लोकप्रिय आहे. नव्या देशात ऑफिसच्या लिफ्टमध्ये अनोळखी माणसाशी बोलायला हवामान आणि लीफ्स हे दोनच विषय पुरतात, आणि दोन्हींबाबत तक्रारच करायची असते. मला तर वाटतं, जिंकणाऱ्या संघाने हे काम इतकं चांगलं केलं नसतं. विजयाबद्दल दोघं फार वेळ बोलू शकत नाहीत. पराभवाची चिकित्सा मात्र तिसाव्या मजल्यापर्यंत पुरते.

आपल्याकडचा अनुभव याला जवळचा आहे, पण तोच नव्हे. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमधल्या सुवर्णानंतर भारतीय पुरुष हॉकी संघाला पुढचं ऑलिंपिक पदक थेट २०२१ मध्ये टोकियोत मिळालं. मधल्या काळात खडकीचा धनराज पिल्ले चार ऑलिंपिक खेळला आणि पदकाविनाच निवृत्त झाला. २००८ च्या बीजिंगसाठी तर भारत पात्रही ठरला नाही. त्या ४१ वर्षांत जे पाहत राहिले ते खरे चाहतेच, पण देशाच्या संघाला पर्याय नसतो. हरला म्हणून कुणी हॉलंडचा होत नाही. हे लोक फार तर हॉकी सोडून क्रिकेट बघू लागले. क्लबच्या चाहत्याचं तसं नाही. टोरांटोपासून जेमतेम दोन तासांच्या अंतरावर बफेलोचा संघ आहे, त्याहून लांब मॉन्ट्रियलचा आहे, आणि वाहिनी बदलायला तर एक बोट पुरतं. दार उघडं असून तो आत बसलेला असतो.

बाहेरून पाहणारा म्हणेल, पदरी पडलं आणि पवित्र झालं, दुसरं काय! त्यात तथ्य आहे. १९८५ मध्ये हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर यांनी ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहात केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. हंगामाचं तिकीट घ्यायला आलेल्या काहींना पूर्ण दराने, काहींना अनपेक्षितपणे सवलतीत तिकीट दिलं. नाटकं तीच, खुर्च्या त्याच. हंगामाच्या पहिल्या सहामाहीत पूर्ण पैसे मोजलेले लोक जास्त नाटकांना आले. गेलेला पैसा परत येणार नसतो, तरी तो वाया जाऊ नये म्हणून माणूस आणखी वेळ घालतो. लीफ्सच्या चाहत्याने पैशाबरोबर तारुण्यही घातलेलं असतं. आता सोडलं आणि पुढच्याच वर्षी कप आला तर? ही भीती काल्पनिक नाही, ती रोजची आहे. पण केवळ गुंतवणुकीचं हे गणित मला अपुरं वाटतं. बुडीत खात्याला माणूस चिकटून राहतो तेव्हा तो दुःखी असतो. हॉकीचे चाहते पराभवानंतर विनोद करतात, टोपणनावं ठेवतात, जुन्या जखमा हौसेने उकरतात. यात काहीतरी सुखही असणार.

शिवाय हा खेळच आशेला खतपाणी घालतो. मायकेल मॉबुसिन हे गुंतवणूकविषयक लेखक. २०१२ मध्ये त्यांनी नशीब आणि कौशल्य यांची वाटणी मोजण्याचा प्रयत्न केला. पद्धत अशी: सगळे सामने नाणेफेकीने ठरले असते तर गुणतक्त्यात संघांमध्ये किती अंतर पडलं असतं ते काढायचं आणि प्रत्यक्षातल्या अंतराशी ताडून पाहायचं. या हिशेबात बास्केटबॉलच्या हंगामात नशिबाचा वाटा सुमारे १२ टक्के, तर एनएचएल हॉकीत ५३ टक्के निघाला. कारणं खेळातच आहेत. गोल थोडे होतात, पक कुणाच्याही स्केटला लागून दिशा बदलतो आणि एखादा गोलकीपर पेटला की चांगल्या संघाचे चाळीस फटके वाया जातात. त्यामुळे तळाचा संघही कुठल्याही मंगळवारी अव्वल संघाला हरवतो. बुधवारी सकाळी चाहत्याला वाटतं, गाडी रुळावर आली.

त्यात १९९९-२००० च्या हंगामापासून जादा वेळेत हरणाऱ्या संघालाही एक गुण मिळतो. जिंकणाऱ्याला दोन, हरणाऱ्याला एक. अशा रात्री दोघांत मिळून तीन गुण वाटले जातात, तक्ता फुगतो आणि मागे पडलेला संघसुद्धा फेब्रुवारीपर्यंत ‘अजून चारच गुण’ मागे दिसतो. ते चार गुण भरून काढताना पुढचे संघही हरून-हरून एकेक गुण गोळा करत असतात, हे कळेपर्यंत मार्च उजाडतो.

आणि मार्चनंतर ड्राफ्ट. नव्या दमाच्या खेळाडूंची निवड दर उन्हाळ्यात होते आणि हरणाऱ्यांना आधी निवडायला मिळतं. दुबळ्याला हात देण्याचा हेतू चांगला आहे, पण त्यातून एक विचित्र मोह तयार होतो. पूर्ण हरलं तर जास्त फायदा! तो मोह आवरावा म्हणून पहिली निवड थेट शेवटच्या संघाला न देता सोडत काढतात, त्यात शेवटच्याला संधी जास्त असते इतकंच. २०१५ च्या ड्राफ्टमध्ये कॉनर मॅक्डेव्हिड नावाचा मुलगा येणार होता. पिढीतून एकदा येणारा खेळाडू म्हणून त्याची कीर्ती आधीच झालेली. त्याच्या मागे जॅक आयकेल. त्या वर्षीच्या नियमांनुसार शेवटचा संघ दुसऱ्या क्रमांकाखाली घसरू शकत नव्हता, म्हणजे तळ गाठला की दोघांपैकी एक नक्की.

बफेलो सेबर्सनी तळ गाठला. पण जाता जाता एक रात्र आली, २६ मार्च २०१५ची. समोर ॲरिझोना, तोही तळाजवळचाच. सामना जादा वेळेत गेला, ॲरिझोनाच्या सॅम गॅग्नरने गोल केला आणि बफेलोच्या स्वतःच्या स्टेडियममध्ये घरच्या जर्सी घातलेले लोक टाळ्या पिटू लागले. आपला संघ हरला म्हणून! सेबर्सच्या खेळाडूंना हे लागलं आणि त्यांनी ते बोलूनही दाखवलं. मला दोन्ही बाजू कळतात. प्रेक्षक उद्याच्या संघाशी निष्ठा दाखवत होते, पण त्याची किंमत आजचे, घाम गाळणारे खेळाडू मोजत होते. एवढं करून सोडतीत मॅक्डेव्हिड एडमंटनकडे गेला. बफेलोला आयकेल मिळाला. तो सहा हंगाम खेळला, मानेच्या शस्त्रक्रियेवरून संघाशी बिनसलं, २०२१ मध्ये व्हेगसला गेला आणि दोन वर्षांत कप जिंकला. सेबर्स २०११-१२ पासून २०२४-२५ पर्यंत सलग १४ हंगाम प्लेऑफच्या बाहेर राहिले. एनएचएलमध्ये इतका लांब दुष्काळ दुसऱ्या कुणी पाहिलेला नाही. त्या रात्री टाळ्या वाजवणाऱ्यांना दोष देण्यापेक्षा, त्यांना तसं करावंसं वाटेल अशी योजना आखणाऱ्यांना द्यावा.

पुन्हा मालकांकडे वळायचं तर अल्बर्ट हर्शमन यांना मध्ये आणायला हवं. या अर्थतज्ज्ञाने १९७० मध्ये एक छोटं पुस्तक लिहिलं. एखादी संस्था बिघडत चालली की तिच्या ग्राहकापुढे दोन मार्ग असतात: निघून जाणं किंवा आवाज उठवणं. निष्ठा ही तिसरी गोष्ट निघून जाण्याचा वेग कमी करते, म्हणजे आवाजाला वेळ मिळतो. त्यांना हे सुचलं नायजेरियातल्या रेल्वेवरून. मालमोटारींची स्पर्धा असूनही रेल्वे सुधारत का नाही? कारण ज्यांनी कटकट केली असती ते गिऱ्हाईक ट्रककडे निघून गेले आणि रेल्वेला त्यांच्या जाण्याचं सोयरसुतक नव्हतं.

टोरांटोची अवस्था याहून अवघड. तिथे हंगामी तिकिटांसाठी प्रतीक्षा यादी असते, एकाने जागा सोडली की दुसरा हजर. त्यामुळे जाण्याचा आवाजच होत नाही. आणि राहणाऱ्याच्या आवाजाला किंमत कशाला द्यायची, जर गल्ला भरतोच आहे? संघाची मालकी काही काळ ओंटारियोतल्या शिक्षकांच्या निवृत्तिवेतन निधीकडे होती. शाळेत लीफ्सची जर्सी घालून येणाऱ्या मुलाच्या तिकिटाचे पैसे फिरून त्याच्याच बाईंच्या पेन्शनमध्ये जायचे. २०१२ मध्ये हा निधी बाहेर पडला आणि बेल व रॉजर्स या दूरसंचार कंपन्या मालक झाल्या. त्याच वर्षी ‘फोर्ब्स’ने लीफ्सची किंमत १ अब्ज डॉलर ठरवली. एनएचएलमधला तो पहिला अब्जाधीश संघ. सलग सात हंगाम प्लेऑफ न पाहिलेला! डेट्रॉइटला असं सुख नव्हतं. १९८२ मध्ये माइक इलिच यांनी डबघाईला आलेला रेड विंग्स संघ विकत घेतला तेव्हा खुर्च्या भरण्यासाठी त्यांना घरच्या सामन्यांना प्रेक्षकांमध्ये सोडत काढून मोटारगाड्या वाटाव्या लागल्या. रिकाम्या खुर्च्या बघून त्यांना संघही बांधावा लागला, आणि १९९७ मध्ये त्यांनी कप उचलला. तेव्हा चाहत्यांची अढळ निष्ठा संघाच्या भल्याचीच असते असं सरसकट म्हणता येत नाही.

पण नुसती निष्ठा पुरेशी नसली तर काय होतं, हेही कॅनडातच दिसलं. १९९५ मध्ये क्विबेक शहराचा संघ डेन्व्हरला हलला आणि गेल्या गेल्या, १९९६ मध्ये, त्याने कप जिंकला. वर्षानुवर्षं पडेल संघ सोसलेल्यांनी तो दूरचित्रवाणीवर पाहिला. त्याच सुमारास विनिपेगचा जेट्स संघ जाणार अशी बातमी आली. विनिपेग म्हणजे प्रचंड थंडीचं, मध्यम आकाराचं गाव. तिथल्या लोकांनी मोर्चे काढले, वर्गणी जमवली, मुलांनी आपापले गल्ले आणून दिले. एक वर्ष मिळालं. १९९६ मध्ये संघ वाळवंटात, फिनिक्सला गेला. कॅनडाचा डॉलर घसरलेला, पगार अमेरिकन डॉलरमध्ये, जुनं स्टेडियम; गल्ल्यांतल्या नाण्यांनी हे भागणारं नव्हतं.

विनिपेगकर पंधरा वर्षं संघाविना राहिले. २०११ मध्ये अटलांटाचा तोट्यातला संघ विकत घेऊन तिथे आणला गेला तेव्हा १३ हजार हंगामी तिकिटं बघता बघता संपली. नाव पुन्हा जेट्स ठेवलं. खेळाडू अटलांटाचे, जुन्या जेट्सचे विक्रम कागदोपत्री फिनिक्सकडे. तरी १९८७ पासूनची, प्लेऑफच्या सामन्याला सगळ्यांनी पांढरे कपडे घालून येण्याची प्रथा २०१५ मध्ये जशीच्या तशी परतली. त्या फेरीतले चारही सामने जेट्स हरले. मालक वेगळा, खेळाडू वेगळे, इमारत वेगळी, तरी बघायला आलेले लोक तेच, फक्त एकोणीस वर्षांनी थोराड झालेले. निष्ठा नेमकी कशाशी होती याचं याहून स्पष्ट उत्तर मला सापडलेलं नाही. ती शेजारच्या खुर्चीशी होती.

म्हणूनच रागावलेल्या चाहत्याला मी निष्ठाहीन म्हणणार नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये लीफ्स घरच्या मैदानावर नॅशव्हिलकडून ९-२ असे हरले आणि बर्फावर जर्सी येऊन पडल्या. दोन दिवसांनी ते टॅम्पाविरुद्ध जिंकले, तेव्हा खेळाडू नेहमीप्रमाणे स्टिक उंचावून प्रेक्षकांना सलामी न देताच आत निघून गेले. त्यावर शहरभर गदारोळ झाला. हरल्याचं समजून घेऊ, पण तुम्ही आमच्यावर रुसायचं नाही, असा एकूण सूर. २०२५ च्या मे महिन्यात फ्लोरिडाने सातव्या सामन्यात ६-१ असं धुतलं, तेव्हाही जर्सी फेकल्या गेल्या. हर्शमन यांनी याला आवाज म्हटलं असतं. शेकडो डॉलरचं तिकीट काढून शेवटच्या सत्रापर्यंत थांबून जर्सी फेकणारा माणूस उदासीन नसतो. उदासीन माणूस दुसऱ्या सत्रातच पार्किंगमध्ये असतो.

विनोद हा दुसरा मार्ग, आणि तो खेळाडूंनाही साधतो. वॉशिंग्टन कॅपिटल्सच्या पहिल्या, १९७४-७५ च्या हंगामात त्यांनी ८० पैकी अवघे ८ सामने जिंकले. परक्या मैदानांवर सलग ३७ सामने हरल्यावर मार्चच्या अखेरीस कॅलिफोर्नियात एकदाचा विजय मिळाला. खेळाडूंनी ड्रेसिंग रूममधला कचऱ्याचा डबा उचलला, त्यावर सह्या केल्या आणि तो स्टॅन्ली कपसारखा डोक्यावर धरून मिरवला. खरा कप त्या संघाला २०१८ मध्ये मिळाला.

मिळाल्यावर काय होतं याचं उत्तर न्यूयॉर्कमध्ये आहे. न्यूयॉर्क रेंजर्सनी १९४० नंतर ५४ वर्षं कप पाहिला नव्हता. परक्या मैदानावर गेले की प्रेक्षक ‘नाइन्टीन-फॉर्टी’ असा ठेका धरून त्यांना डिवचायचे. १४ जून १९९४ रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रेंजर्स जिंकले, तेव्हा गर्दीत एका चाहत्याने फलक धरला होता: आता मी शांतपणे मरायला मोकळा. पुढे १९९८ ते २००४ रेंजर्स सलग सात वर्षं प्लेऑफलाही पोहोचले नाहीत. २०१४ मध्ये अंतिम फेरी गाठली आणि हरले. २०२५ पर्यंत तरी तो कप पुन्हा आलेला नाही, आणि गार्डनमधल्या तिकिटांचे दर विचारू नका.